बशीतले कुंकू

मी एक जुनी बशी आहे. माझा कप आता नाही. चिनीमातीच्या जगात एकट्या बशीला फारसा मान नसतो, मित्रांनो. तिच्यावर लिंबाची फोड ठेवतात, तेलाच्या बुधलीखाली तिला सरकवतात, नाहीतर मांजरासाठी दूध घालतात. माझ्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. माझ्या वाट्याला रंग आले.

मला उचलून उजेडासमोर धरलेत, तर काठावर एक निळी रेघ दिसेल. मध्यभागी कप बसावा म्हणून केलेला उथळ, गोल खळगा दिसेल. त्या खळग्यापासून काठापर्यंत केसासारखा बारीक तडा गेला आहे, आणि तो तडा लाल आहे. राखेने तो लाल रंग गेला नाही, चिंचेने गेला नाही, धुण्याच्या सोड्यानेही गेला नाही. ते कुंकू आहे. ते तिथे कसे आले, एवढीच माझी कथा.

मी कोणत्या गावच्या मातीची, हे मला ठाऊक नाही. भट्टीतला जाळ तेवढा आठवतो. त्या जाळात माती आपले ओलेपण विसरते आणि नाद शिकते. पुढे पेंढ्यात गुंडाळून मला मुंबईला आणले गेले आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात अप्पांनी आम्हां सहा जोड्यांना विकत घेतले. त्यांच्या हेरंबचे लग्न ठरले होते. अप्पा हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. घरात त्यांची पत्नी माई, फोर्टमधल्या विमा कंपनीत कारकून असलेला हेरंब, आणि लग्न होऊन आलेली मीनाक्षी. एवढेच ते जग.

पाच जोड्या पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात गेल्या. सहावी, म्हणजे आम्ही दोघे, अप्पांच्या रोजच्या चहासाठी बाहेर राहिलो. अप्पा चहा बशीतूनच पीत. कप केवळ वाहून आणी. ओठांपर्यंत मी जात असे. त्यांची फुंकर माझ्यावरून गेली की चहावर बारीक लाटा उठत, आणि मला वाटे, समुद्र म्हणतात तो असाच असेल. चार वर्षे मी या सुखात काढली.

मग पंचावन्न सालचा ऑक्टोबर आला. राज्यांच्या पुनर्रचनेचा अहवाल वर्तमानपत्रात छापून आला, आणि मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य होणार नाही, द्विभाषिक होणार, असे अप्पांनी मोठ्याने वाचले.

"द्विभाषिक म्हणे! अरे, मुंबई म्हणजे काय लग्नातला आहेर आहे, ह्याला नाहीतर त्याला द्यायला?" असे म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

कप उडाला, फरशीवर पडला आणि त्याचे सात तुकडे झाले. मी टेबलावरच आपटले. मला तडा गेला, पण मी राहिले.

माई आतून आल्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिले, मग अप्पांकडे. "मिळाली का मुंबई? आता कप कुठनं आणणार आहात?"

अप्पा वर्तमानपत्राच्या आड गेले. माईंनी तुकडे केरात टाकले आणि मलाही उचलले, कारण तडा गेलेल्या बशीतून चहा झिरपतो. तेव्हा दारातून मीनाक्षी म्हणाली, "माई, ती मी घेऊ?"

"तडकलीय गं. काय करायचीय?"

"रंग कालवायला."

त्या घरात चार वर्षांत रंगांचा उल्लेख झाला नव्हता. मीनाक्षी वडाळ्याच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत तिला वरचा वर्ग मिळाला होता. निसर्गचित्रासाठी दिलेली कण्हेरीची फांदी तिने अशी काढली होती, की परीक्षकांनी म्हणे कागद उजेडाकडे धरून पाहिला. लग्नात तिने रंगांची पत्र्याची पेटी आणली. पण ती ट्रंकेच्या तळाशी, हळदीच्या साडीखाली राहिली. पहिल्या वर्षी तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सारे संपले. तिसऱ्या वर्षी पुन्हा तसेच झाले. आता हे तिसरे. परळच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितले होते, की जिना उतरायचा नाही, जड उचलायचे नाही, चित्त शांत ठेवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला जिना उतरू नकोस म्हटले, की तिच्यासाठी झाडे, रस्ते, समुद्र सारे एकदमच बंद होते. अशा वेळी मनुष्य ट्रंक उघडतो.

"घे," माई म्हणाल्या. "नाहीतरी टाकायचीच होती."

अशी मी तिची झाले. कप बसायचा त्या खळग्यात आता पाणी साठू लागले आणि काठावर रंगांचे थेंब वाळू लागले. सांगायला संकोच वाटतो, पण कपाची आठवण मला फार दिवस आली नाही.

आता त्या घरातल्या फुलांविषयी सांगायला हवे. मीनाक्षीला दिवस गेल्याचे कळले त्याच दिवशी माईंनी गणपतीपुढे उभे राहून नेम बोलला होता: बाळ हातात येईपर्यंत रोज एकवीस जास्वंदी. त्यासाठी आनंदा नावाचा फुलवाला लालबागेहून पहाटे येई आणि पानात बांधलेली फुलपुडी दाराच्या कडीला अडकवून जाई. तिच्यात जास्वंदीच्या मिटल्या कळ्या असत, सोबत तगर, अबोली, एखादा गुलाब. माई अंघोळ करून कळ्या तबकात मांडीत आणि देव्हाऱ्यातल्या समईच्या मंद उजेडात त्या उमलत.

रंग बाहेर काढल्यावर पहिल्याच सकाळी मीनाक्षीने तबकातली एक जास्वंद उचलली आणि खिडकीशी नेली. अर्ध्या तासाने माईंच्या ते ध्यानात आले.

"हे काय चालवलंयस? देवाचं फूल ते!"

"परत ठेवणार आहे, माई. नुसतं बघून काढतेय."

"वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, एवढं शिकवलं नाही का आईने?"

मीनाक्षी हळूच म्हणाली, "जास्वंदीला वासच नसतो ना पण."

"नाकाने नाही घेतलास, डोळ्यांनी घेतलास! टक लावून बसलीयस मघापासून. मग त्यात देवासाठी उरलं काय? उष्टं झालं ते." माईंनी ते फूल बाजूला ठेवले. मग आवाज थोडा उतरवून म्हणाल्या, "काढायचीच असतील तर निर्माल्य घे. देवाचं बघून झाल्यावर तुझं."

तो नियम झाला. दुसऱ्या दिवशी देवावरून उतरलेली फुले माझ्याशेजारी येऊ लागली. मित्रांनो, फुलांची चित्रे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. त्यांत फूल नेहमी टवटवीत असते, जणू त्याला दुपार ठाऊकच नाही. मीनाक्षीची फुले तशी नव्हती. तिची तगर काठाशी पिवळी पडलेली असे. तिच्या अबोलीच्या पाकळ्या कागदासारख्या सुरकुतलेल्या असत. तिची जास्वंद सायंकाळी स्वतःला गुंडाळून घेते तशी मिटलेली, शाल पांघरून बसलेल्या म्हातारीसारखी असे. एकदा हेरंब कचेरीतून येऊन चित्रांची वही चाळू लागला.

"अगं, सगळी झोपलेलीच काय काढतेस?"

"झोपलेली नाहीत. दमलीत."

"फुलं कशाने दमणार?"

"उभं राहून," ती म्हणाली, आणि तो हसला. ती हसली नाही.

तिच्या हाताखाली राहून मीही काही शिकले. गुलाबाच्या पाकळ्या गळून गेल्या की त्यांच्या खाली एक लहानशी फुगीर गाठ उरते. फुलाच्या अंतरीचे मूल जिथे वाढायचे, ती जागा. मीनाक्षी ती गाठ फार हळुवार रंगवी, आधी हिरवा, मग त्यावर तांबूस छटा, मग कुंचला कोरडा करून अगदी फिकट उजेड. जग पाकळ्यांना फूल म्हणते. ती त्या गाठीपाशी अधिक वेळ थांबे. परंतु जास्वंद काढताना मात्र तिचा कुंचला देठाशी येऊन अडे. ती फुलाचा तळ अपुरा सोडी. वहीत अशा सतरा जास्वंदी होत्या आणि सतराही तळाशी अपुऱ्या होत्या.

त्याचे कारण मला पुढे कळले. त्याआधी एवढेच कळले होते, की ती घाबरलेली आहे. एका दुपारी गॅलरीत समोरच्या सुनंदाबाईंना माई सांगत होत्या, "दोन राहिली नाहीत हो. हे तिसरं." मीनाक्षीच्या हातातला कुंचला माझ्यावर टेकलेला होता. तो दाबला गेला आणि माझ्या काठावर निळ्या रंगाचे बारीक टिंब उमटले. हेही राहिले नाही, तर या घरात आपण कोण, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही. पण ज्याच्यावर कुंचला टेकतो, त्याला हात कळतो.

जानेवारीच्या मध्यावर, तिला सातवा महिना चालू असताना, रेडिओवर सांगितले गेले की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. त्या रात्रीनंतर गिरगाव बदलले. रस्त्यावर माणसांच्या घोषणा, मग धावणारी पावले, मग गोळीबाराचे कोरडे आवाज. संचारबंदी पुकारली गेली. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा रस्ता इतका रिकामा होता, की ट्रामचे रूळ एखाद्या दुष्काळी नदीसारखे उघडे पडले होते. कुठून तरी जळक्या रबराचा वास येत होता.

दाराच्या कडीला फुलपुडी नव्हती.

माईंनी दार तीनदा उघडून पाहिले. मग रिकामे तबक मांडीवर घेऊन देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. हेरंब म्हणाला, "मी खाली जाऊन बघतो, विहिरीपाशी जास्वंदीला एखादी—"

"पाऊल टाकशील बाहेर तर याद राख!" माई ओरडल्या. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

अप्पा जवळ आले. "अगं, शास्त्रात सोय आहे की. फूल नसलं तर अक्षता वाहायच्या. गुरुजी म्हणतातच ना, पुष्पाऐवजी अक्षता."

"गुरुजींनी नेम बोलला नव्हता. मी बोललेय. एकवीस जास्वंदी म्हटलंय, तांदूळ नाही म्हटलं." त्यांनी तबक घट्ट धरले. "पाच महिने चुकला नाही हो. आज मोडला आणि पोरीला काही झालं तर?"

मीनाक्षी भिंतीला टेकून हे ऐकत होती. तिचा एक हात पोटावर होता.

बातमी चाळीत पसरायला वेळ लागत नाही. थोड्या वेळाने समोरच्या गॅलरीतून सुनंदाबाईंची हाक आली. त्यांच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात जास्वंदीचे एक झाड होते. गॅलऱ्या जिथे जुळतात तिथवर येऊन त्यांनी कठड्यावरून हात लांब केला. "माई, एकच उमललंय हो आज. घ्या."

माईंनी ते फूल तबकात ठेवले. त्या मोठ्या पितळी तबकात ते एकटे फूल पाहून सर्वांनाच अधिक रिकामे वाटले.

"माई," मीनाक्षी म्हणाली, "उरलेली वीस मी काढू?"

माईंनी मान वर केली. नाही म्हणाल्या नाहीत. मीनाक्षीने मला ओढून घेतले, वहीचा एक कोरा कोपरा फाडला आणि स्मरणातून जास्वंद काढली. माई वाकून पाहू लागल्या.

"हे संध्याकाळचं फूल आहे गं," त्या म्हणाल्या. "दमलेलं. ह्याच्या पाकळ्या बघ, आत वळल्यात. केसर खाली आलाय. सकाळचं असं नसतं."

ते खरेच होते. तीन महिने निर्माल्य रंगवून तिच्या हाताला केवळ मिटणेच ठाऊक झाले होते. देव्हाऱ्यातल्या काळोखात दुरून दिसलेले उमललेले फूल डोळ्यांत होते, हातात नव्हते. तिने कुंचला खाली ठेवला. "मला सकाळचं येत नाही, माई."

मग जे झाले, ते मी कधी विसरणार नाही. माईंनी तबकातले ते एकुलते एक फूल उचलले. अजून देवाला न वाहिलेले. ते त्यांनी माझ्या कोरड्या काठावर ठेवले.

"बघ," त्या म्हणाल्या. "हवं तेवढं बघ."

अप्पा चकित झाले. "अगं, उष्टं होईल ना ते?"

"पोटुशीने पाहिलेलं फूल उष्टं होत असेल, तर तसं देवाने मला सांगावं. तुम्ही नका सांगू."

अप्पांच्या मनात काही तरी हलले असावे, कारण ते उठले आणि भिंतीवरची एक चौकट त्यांनी काढली. तिच्यात त्यांच्या निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेले मानपत्र होते. जाड, दुधी रंगाचा विलायती कागद, पाठ कोरी. त्यांनी कात्री घेतली.

"अप्पा, हे नको!" हेरंब म्हणाला.

"पस्तीस वर्षं नोकरी केली. कुठे तरी उपयोगी पडू दे." आणि त्यांनी हेडक्लार्काच्या अचूकतेने त्याचे वीस सारखे चौकोन केले. मग देव्हाऱ्याकडे पाहून म्हणाले, "देवा, फक्त उलटून वाचू नकोस. पुष्कळ खोटं लिहिलंय."

माईंनाही हसू आले. त्या सकाळी त्या घरातले ते पहिले हसू.

दोघी खिडकीशी बसल्या. माईंनी देठ दोन बोटांत धरून फूल उजेडात फिरवले आणि त्या सांगू लागल्या. कळी उमलते तेव्हा पाकळ्या एकावर एक कशा चढलेल्या असतात. पहाटे त्यांच्या कडांना कशी बारीक चुणी असते, नव्या लुगड्याच्या घडीसारखी. केसर कसा ताठ, बाहेर झेपावलेला आणि टोकाशी पिवळे परागाचे दाणे कसे. पन्नास वर्षे पहाटे फुले हाताळणारी ती बाई, तिने कधी कुंचला धरला नव्हता. पण तिचे डोळे चित्रकाराचे होते, हे त्या दिवशी मला उमगले. पूजेआधी माई जेवत नसत, म्हणून त्या तशाच उपाशी बसल्या होत्या. एक एक फूल माझ्याभोवती वाळत राहिले.

बारावे फूल पुरे झाले आणि लाल रंगाची वडी संपली. पेटीच्या खणात नुसता पत्रा दिसू लागला. मीनाक्षीने ओल्या कुंचल्याने तो पुन्हा पुन्हा खरवडला.

माई उठल्या आणि आपला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. चिमूट चिमूट कुंकू त्यांनी माझ्या खळग्यात सोडले, त्यावर पाण्याचे थेंब टाकले, चित्राच्या पेटीतला डिंक मिसळला आणि करंगळीने कालवू लागल्या. गोल, सावकाश. अप्पांच्या फुंकरीनंतर कोणी मला इतक्या मायेने स्पर्शले नव्हते. ते लाल पाणी माझ्या तड्यात शिरले, खोल, अगदी भट्टीच्या आठवणीपर्यंत.

मीनाक्षीने तेरावे फूल काढायला घेतले. पाकळ्या झाल्या, केसर झाला, आणि देठाशी कुंचला थांबला.

"का थांबलीस?" माईंनी विचारले.

तिने कुंचला माझ्या काठावर टेकवला. मग एकदम म्हणाली, "माई, ह्या जास्वंदीला फळ धरत नाही. शाळेत आमच्या बाईंनी सांगितलं होतं. गुलाबाला धरतं. हिच्या तळाशी काही नसतं. नुसतं उमलायचं आणि गळून जायचं." आणि अगदी हलक्या आवाजात, "तुम्ही नेमकी हीच का बोललात?"

कात्रीचे कपटे गोळा करणारे अप्पा थबकले. हेरंब गॅलरीत पाठमोरा उभा होता. तो वळला नाही.

माई फुलाकडे पाहत राहिल्या. "धरत नाही खरं," त्या म्हणाल्या. "मग सुनंदाच्या डब्यातलं झाड कुठून आलं?"

"फांदी लावून."

"आणि तिच्याकडे फांदी कुठून आली? आपल्या विहिरीपाशी जास्वंद आहे, तिची. ती कोणी लावली? मीच." त्यांनी करंडा मिटला. "मला तीन झाली नि तिन्ही गेली, मीनाक्षी. चौथ्याची वाट बघायचं बळ नव्हतं अंगात. ह्यांची धाकटी भावजय बाळंतपणात गेली, तेव्हा दोन महिन्यांचं पोर माझ्या पदरात आलं. हेरंब माझा लावलेला आहे. त्याला ठाऊक आहे. तुला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मीच राहू दिलं."

हेरंब गॅलरीतून न वळताच म्हणाला, "चांगला रुजलोय ना, माई?"

"गप बैस, मेल्या," माई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग सुनेकडे वळल्या. "ही एकवीस फुलं मी नातवंडासाठी वाहते, असं वाटलं तुला? फुलं तुझ्यासाठी आहेत. तू धड राहा. मूल राहिलं तर देवाची कृपा. नाही राहिलं तर फांदी लावू. ह्या घरात ते काही नवीन नाही."

मीनाक्षीने कुंचला माझ्या खळग्यात बुडवला. तेराव्या फुलाचा तळ तिने पहिल्यांदा पुरा काढला. भरलेला, हिरवा, ठाम.

दुपारी एक वाजता पूजा झाली. वीस कागदी जास्वंदी आणि एक खरी. ती खरी माईंनी शेवटी, सर्वांत वर ठेवली.

दुसऱ्या दिवशीही आनंदा आला नाही. नुकत्याच उतरवलेल्या जुन्या कॅलेंडराच्या जाड पानांच्या कोऱ्या पाठीवर मीनाक्षीने एकवीस फुले काढली, आणि आता तिला समोर फूल लागले नाही. तिसऱ्या दिवशी, संचारबंदी थोडी सैल झाल्यावर, उशिरा कडी वाजली. आनंदा आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, हातात दोन दिवसांची भरपाई करणारी मोठी फुलपुडी.

"माई, दोन दिवस चुकले. आमच्या चाळीतला एक पोरगा गेला. गोळी लागून. होती नव्हती तेवढी फुलं त्याच्यावरच घातली."

माई दारात उभ्याच राहिल्या. "त्याची आई?"

"आहे. बसलीय. बोलत नाही कोणाशी."

माईंनी फुलपुडी उघडली नाही. ती त्याच्या हातात परत दिली. "ही तिच्याकडे ने."

"ती काय करणार फुलांचं, माई?"

"काही नाही करायचं. समोर ठेव नुसती. सांग, गिरगावातल्या एका बाईने पाठवलीत." आणि आत वळताना म्हणाल्या, "मीनाक्षी, रंग कालव गं. आजही कागदाचीच."

मित्रांनो, उष्ट्या फुलाला भिणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी आपल्या देवाची ताजी फुले एका अनोळखी आईला दिली. मी साधी चिनीमाती आहे, धर्म मला कळत नाही. पण त्या दिवशी देव्हाऱ्यातला गणपती मला अधिक उजळ वाटला, आणि ते केवळ समईमुळे नव्हते, असे मी अजूनही मानते.

अशी बासष्ट फुले झाली. मीनाक्षीने आयुष्यात काढलेली सर्वांत सुंदर बासष्ट फुले. ती तुम्हांला कुठेच पाहायला मिळणार नाहीत. संचारबंदी उठल्यावर निर्माल्य विसर्जनाची वेळ आली, तेव्हा हेरंबने विचारले, "एखादं ठेवू या का, माई?" माई म्हणाल्या, "वाहिलं ते वाहिलं. देवाकडून परत मागत नाहीत." त्यांनी मीनाक्षीकडे पाहिले. मीनाक्षीने मान हलवली आणि स्वतःच्या हातांनी ती फुले पिशवीत भरली. हेरंब चौपाटीवर गेला. परत येऊन त्याने सांगितले, की कागद बुडण्याआधी रंग सुटला आणि भोवतालचे पाणी क्षणभर लाल झाले. मग एक लाट आली.

त्या बासष्ट फुलांतले आता माझ्या तड्यातले कुंकू तेवढे शिल्लक आहे.

मार्चच्या अखेरीस परळच्या प्रसूतिगृहात मीनाक्षीला मुलगी झाली. वजनाने कमी, आवाजाने मोठी. तिचे नाव लतिका ठेवले. बाळ हातात आले, माईंचा नेम पुरा झाला. पण माईंनी आनंदाला येणे थांबवू दिले नाही. मीनाक्षी घरी आली त्या पहिल्या सकाळी ती खिडकीशी बाळाला पाजत बसली होती. माईंनी फुलपुडी सोडली, नुकतीच उमललेली एक जास्वंद निवडली, देव्हाऱ्याकडे पाठ केली आणि ती माझ्या काठावर ठेवून मला हळूच सुनेकडे सरकवले.

"आधी तू बघून घे," त्या म्हणाल्या. "देव थांबेल."

तेव्हापासून आजतागायत रोज सकाळी घरातले पहिले फूल माझ्याकडे येते. मीनाक्षीच्या वहीत आता सकाळची फुलेही आहेत. संध्याकाळची तिने सोडली नाहीत. दोन्हींच्या तळाशी ती तितकाच वेळ थांबते.

साठ सालच्या मे महिन्यात मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. अप्पा पहाटेपासून नवा सदरा घालून बसले होते. माई म्हणाल्या, "मिळाली एकदाची मुंबई. आता तरी कप आणा." अप्पांनी खरोखरच संध्याकाळी एक कप आणला आणि मोठ्या समारंभाने माझ्यावर ठेवला. तो माझ्या खळग्यात बसेना, डुगडुगू लागला. चार वर्षांची लतिका ओरडली, "आजोबा, ती आईची आहे! त्यात रंग राहतात!" अप्पांनी मुकाट्याने कप उचलला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, अर्थात बशीला टाकता येतो तितकाच.

परवा दुपारची गोष्ट. लतिका आईला मदत करायची म्हणून मला मोरीत घेऊन गेली आणि राखेने घासू लागली. लहान हात, पण जोर मोठा. तडा करकरला. मीनाक्षी धावत आली आणि तिने मला अलगद काढून घेतले.

"अगं, हा डाग जातच नाही!" लतिका रागाने म्हणाली.

"नको घालवूस तो."

"का? कसला आहे?"

मीनाक्षीने माईंकडे पाहिले. माई तांदूळ निवडत होत्या. डोळे आता त्यांना कमी दिसते, तरी त्यांनी हात पुढे केला, मला घेतले आणि करंगळी त्या लाल रेघेवरून फिरवली.

"फुलं आहेत ती, बाळा," त्या म्हणाल्या. "तू यायच्या आधीची."

लतिकाने मला डोळ्यांजवळ धरले आणि बराच वेळ पाहिले. मग तिने मला पुसले, पण हळू, रेघेच्या कडेकडेने.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काही तरी असेल. तडकलेले, डागाळलेले, ज्याची जोडी हरवली आहे असे. ते घासण्याआधी, टाकण्याआधी, घरातल्या आईला किंवा आजीला एकदा विचारा की यात काय आहे. ती सांगेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका. माझे म्हणाल, तर माझे आयुष्य आता फार उरले नसावे. तडा दर वर्षी थोडा पुढे सरकतो आहे. ज्या दिवशी मी दुभंगेन, त्या दिवशी माझे दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहा. दोन्हींच्या कडा लाल असतील.